‘वुल्गार’ मराठीची गोष्ट

प्रिय विद्यार्थी, पालक आणि विश्वस्त मंडळी,



दरवर्षी या पानावर आम्ही निकाल, स्नेहसंमेलन, नवीन वर्गखोल्या आणि गळणारी छपरे यांबद्दल लिहितो. यंदा एका वाक्याबद्दल लिहावेसे वाटते. खरे तर अर्ध्याच वाक्याबद्दल. ते पोर्तुगीज भाषेतले आहे. आता आम्हांला पोर्तुगीज येत नाही, हे आपण सर्वजण जाणताच. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, पदवी हिंदी माध्यमातून घेतली, मराठी घरात ऐकून शिकलो आणि इंग्रजी कामापुरती. तरीही या अर्ध्या वाक्याने यंदाच्या उन्हाळ्यात आम्हांला चांगलेच वेठीस धरले, आणि आमची एक जुनी चूकही दाखवून दिली. म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी सध्या भाषाविज्ञानात संशोधन करते आहे. जूनमध्ये, प्रवेशाच्या ऐन धावपळीत, तिचा फोन आला. ‘‘सर, एका जुन्या मराठी व्याकरणाच्या नावाचे इंग्रजी करायचे आहे. नाव पोर्तुगीजमध्ये आहे. शब्दकोशात सगळे शब्द सापडले, पण सगळे शब्द लावून जे इंग्रजी तयार झाले ते वाचायची लाज वाटते.’’

ते व्याकरण असे. १७७८ साली रोम येथे, कॅथलिक धर्मप्रसाराचे काम पाहणाऱ्या ‘प्रोपागांदा फिदे’ या संस्थेच्या छापखान्यात, मराठीचे एक लहानसे व्याकरण छापले गेले. समजावणी पोर्तुगीजमध्ये आणि मराठी शब्द देवनागरी टाइपात. लेखकाचे नाव पुस्तकावर नाही. पुस्तकाचे नाव मात्र त्या काळच्या रीतीप्रमाणे लांबलचक आहे. ते देवनागरीत साधारण असे लिहिता येईल : ‘ग्रामातिका माराष्टा, आ माइश वुल्गार के से प्रातिका नुश रेइनुश दु निझामाशा इ इदालशा’. पुढे, हे पुस्तक त्या राज्यांतील मिशनरी पाद्रींना अर्पण केले आहे, असा मजकूर येतो.

भाषाविज्ञानात परक्या भाषेतील वाक्य देण्याची एक पद्धत असते. ती तिने आम्हांला फोनवर समजावून सांगितली. पद्धत आमच्या मुलांनाही उपयोगी पडेल अशी असल्याने येथे देतो. तीन ओळी लिहायच्या. पहिल्या ओळीत मूळ वाक्य. दुसऱ्या ओळीत प्रत्येक शब्दाखाली त्या शब्दाचा अर्थ, मूळचा क्रम न मोडता. तिसऱ्या ओळीत त्या सगळ्याचे सरळ, नैसर्गिक भाषांतर. उदाहरणार्थ, पहिली ओळ ‘मला भूक लागली आहे’. दुसरी ओळ ‘टू मी, हंगर, अटॅच्ड, इज’. तिसरी ओळ ‘आय अ‍ॅम हंग्री’. दुसरी ओळ भाषेची हाडे दाखवते, तिसरी ओळ माणूस काय म्हणाला ते सांगते. दोन्ही लागतात. पण दुसरी ओळच उचलून तिसऱ्या जागी ठेवली, तर कोणीही इंग्रज ‘हंगर अटॅच्ड’ ऐकून डॉक्टरला बोलावील.

आमच्या विद्यार्थिनीची दुसरी ओळ अशी होती : ‘व्याकरण, मराठी, सर्वांत, वुल्गार, जी, आचरली जाते, राज्यांत, निजामशाहाच्या, आणि, आदिलशाहाच्या’. आणि तिसरी ओळ तिने धीर करून लिहिली होती : ‘द मोस्ट व्हल्गर मराठी ग्रामर दॅट इज प्रॅक्टिस्ड’. तिच्या मार्गदर्शकांनी समासात नुसते प्रश्नचिन्ह काढून दिले होते.

आम्ही टेबलावरचे प्रवेश अर्ज बाजूला सारले आणि मुख्याध्यापकाला शोभेल अशा खात्रीने सांगितले, ‘‘अगं, व्हल्गर म्हणजे ग्राम्य. ग्राम्य मराठीचे व्याकरण असेल ते. तसेच लिही.’’

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘पण सर, आपल्याच पुस्तकाच्या पहिल्या पानावर कोणी असे कशाला लिहील?’’

आम्ही म्हटले, ‘‘विचार करून सांगतो,’’ आणि फोन ठेवला. आपले उत्तर चुकले की वेळ मागून घ्यायची, हे आम्ही तीस वर्षांत मुलांकडूनच शिकलो आहोत.

त्या संध्याकाळी आम्हांला आमचीच एक फजिती आठवली. नोकरीला लागून एखादे वर्ष झाले असेल. पुण्याला एका लग्नासाठी गेलो होतो. पंगतीत कोणी काकांनी विचारले, ‘‘काय करता आपण इंदूरला?’’ आम्ही ताठ बसून उत्तर दिले, ‘‘शाळेत मुलांना शिक्षा देतो.’’ सारी पंगत हसली. एक आजोबा तर म्हणाले, ‘‘छड्या की अंगठे धरायला लावता?’’ हिंदीत ‘शिक्षा देना’ म्हणजे शिक्षण देणे, आणि ते पुण्याचे काम. मराठीत शिक्षा म्हणजे दंड. अक्षरे तीच, कानामात्रा तीच, अर्थ मात्र अगदी निराळा. तसेच ‘चेष्टा’. हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. हिंदीत ‘व्यस्त’ माणूस कामात असतो, मराठीत व्यस्त असते ते प्रमाण. आपल्या वर्गांत आजही एखादा मुलगा लिहितो, ‘माझी गाडी सुटली’. त्याच्या मनात ‘मेरी गाड़ी छूट गई’ असते, म्हणजे गाडी चुकली. मराठी वाचणारा समजतो की गाडी वेळेवर निघाली, हा आरामात बसून गेला.

दोन भाषांत शब्दाचे रूप एक असले की अर्थही एकच असेल, असे आपण धरून चालतो. तेथेच घसरायला होते. ‘वुल्गार’चे तसेच झाले असणार, हे आमच्या ध्यानात आले. मग वाचनालयातील शब्दकोश काढले, विद्यार्थिनीने पाठवलेली पाने पाहिली, आणि दोन-तीन फोन आणखी झाले. त्यातून जे हाती आले ते थोडक्यात सांगतो.

लॅटिनमध्ये ‘वुल्गुस’ म्हणजे सामान्य लोक. त्यावरून ‘वुल्गारिस’ म्हणजे लोकांचे, सर्वांचे, नेहमीचे. लॅटिन बायबलला ‘वुल्गाता’ म्हणतात ते त्याच घराण्यातले नाव : सर्वत्र रूढ असलेली प्रत. पोर्तुगीज, फ्रेंच, इटालियन या भाषा ज्या बोलीव लॅटिनमधून निघाल्या तिला भाषाविज्ञानात ‘व्हल्गर लॅटिन’ म्हणतात. त्यात शिवीगाळीचा काही संबंध नाही. पोर्तुगीजमध्ये ‘वुल्गार’चा ‘साधा, नेहमीचा’ हा अर्थ आजही चालतो. इंग्रजीतही पूर्वी तोच होता. १६६२ च्या इंग्रजी प्रार्थनाग्रंथात ‘व्हल्गर टंग’ म्हणजे लॅटिन नव्हे, तर लोकांची भाषा, म्हणजे साक्षात इंग्रजी. पण १७८५ साली फ्रान्सिस ग्रोज यांचा ‘व्हल्गर टंग’चा कोश लंडनला निघाला, तेव्हा त्यात भरलेले होते ते चोरांचे, रस्त्यावरचे आणि चावट शब्द. शंभर-सव्वाशे वर्षांत शब्दाची किंमत एवढी उतरली. शब्द तोच राहिला, लोकांकडे पाहण्याची नजर बदलली.

आमचे रोमचे व्याकरण या कोशाच्या सात वर्षे आधीचे, पण ते पोर्तुगीजमधले. त्याच्या लेखकाला काय म्हणायचे होते, हे पुढच्या ओळीवरून स्पष्ट होते. पुस्तक मिशनऱ्यांसाठी आहे. त्यांना बाजारात, बांधावर, ओसरीवर लोकांशी बोलायचे आहे. त्यांना पंडितांची संस्कृतप्रचुर मराठी देऊन काय उपयोग? तेव्हा लेखक जणू सांगतो आहे की, पाद्रीबुवा, निर्धास्त राहा, ही तीच मराठी आहे जी तिकडे सगळे बोलतात. म्हणजे ‘आ माइश वुल्गार’ ही कबुली नव्हे, जाहिरात आहे. आम्ही घाईने ‘ग्राम्य’ म्हणून त्याची जाहिरात तक्रारीत बदलून टाकली होती.

बाकीच्या शब्दांतही खाचखळगे होते. सुरुवातीचे ‘आ’ इंग्रजीतल्या ‘अ’ या उपपदासारखे दिसते, पण पोर्तुगीजमध्ये ते स्त्रीलिंगी ‘द’ आहे. स्त्रीलिंगी कोण? व्याकरणही पोर्तुगीजमध्ये स्त्रीलिंगी आणि भाषाही स्त्रीलिंगी. तेव्हा ‘सर्वांत रूढ’ हे व्याकरणाला लावायचे की भाषेला? शब्दांच्या रचनेवरून ते व्याकरणाला जाऊन चिकटते, पण बोलली जाते ती भाषा. व्याकरण कोणी बोलत नाही. मराठीत आपण ‘गरम चहाचा कप’ न म्हणता सहज ‘गरम कप चहा’ म्हणून जातो. कप गरम हवा असे कोणालाच वाटत नसते. तेव्हा विशेषण भाषेकडे द्यायचे, हे ठरले.

‘से प्रातिका’ म्हणजे शब्दशः ‘आचरली जाते’. इंग्रजीत वकिली ‘प्रॅक्टिस’ करतात, तबला ‘प्रॅक्टिस’ करतात; भाषा ‘स्पीक’ करतात. मराठीत तर आपण सरळ ‘तिकडे अशी मराठी बोलतात’ म्हणतो. कोण बोलतात? लोक. ते वेगळे सांगावे लागत नाही.

‘माराष्टा’चे इंग्रजी ‘मराठा’ करायचा मोह होतो, आणि मग ते एका समाजाचे व्याकरण वाटू लागते. येथे ‘मराठी’च हवे. ‘निझामाशा’ आणि ‘इदालशा’ यांत मूळ छापील अक्षर रोमनमधले ‘एक्स’ आहे. पोर्तुगीज त्याचा उच्चार ‘श’ करतात. इंग्रजी वाचक ‘इदालक्सा’ वाचून कोड्यात पडेल. म्हणून निजाम शाह आणि आदिल शाह असे ओळखीचे करून लिहायचे.

येथे विद्यार्थिनीने एक चांगला प्रश्न काढला. निजामशाही १६३६ साली बुडाली, आदिलशाही १६८६ साली. पुस्तक छापले १७७८ मध्ये, तेव्हा ती राज्ये उरलीच नव्हती. मग भाषांतरात ‘पूर्वीच्या राज्यांत’ असे लिहून चूक सुधारावी का? आम्ही म्हटले, नाही. भाषांतरकाराने लेखकाची भाषा नैसर्गिक करावी, त्याचे म्हणणे बदलू नये. सांगायचे ते तळटीपेत सांगावे. परीक्षेत उत्तर तपासताना आपण मुलाचे उत्तर पुसून आपले लिहीत नाही, बाजूला शेरा देतो, तसेच हे.

आणि १७७८ म्हटल्यावर आम्हां इंदूरकरांना दुसरेही काही आठवते. त्या साली आपल्या माळव्यावर महेश्वरहून अहिल्याबाई होळकर राज्य करीत होत्या. त्यांचे माहेर चौंडी, म्हणजे जुन्या निजामशाही मुलखातले गाव. रोममध्ये ज्या मराठीचे खिळे जुळवले जात होते, तसलीच मराठी बोलत आपले पूर्वज नर्मदा ओलांडून इकडे आले. ती ग्रंथातली नव्हती, तोंडातली होती.

आता मुख्य शब्द उरला. ‘वुल्गार’ला इंग्रजीत काय म्हणावे? विद्यार्थिनीने प्रथम ‘व्हर्नाक्युलर’ सुचवला. दिसायला भारदस्त शब्द. मुंबई इलाख्यात आजोबांच्या पिढीत सातवीच्या परीक्षेला ‘व्हर्नाक्युलर फायनल’ म्हणत, आणि ‘फायनल पास’ असलेला माणूस गावात मान मिळवी. पण त्या शब्दाची मुळे पाहिली तर लॅटिन ‘वेर्ना’ म्हणजे घरातच जन्मलेला गुलाम. इंग्रज सरकारने १८७८ मध्ये देशी वृत्तपत्रांची तोंडे बंद करायला कायदा केला, त्याच्याही नावात हाच शब्द होता. एका शब्दाचा डाग काढायला दुसरा डागाळलेला शब्द कशाला? मग ‘कोलोक्विअल’ आला. तो बोलण्याच्या ढंगाविषयी आहे, किती लोक बोलतात त्याविषयी नाही. ‘पॉप्युलर’ म्हटले तर सिनेमाची आठवण होते.

उत्तर सापडले ते शिक्षकांच्या खोलीत. गणिताच्या बाई सहावीच्या वह्या तपासत बसल्या होत्या. आमची चर्चा ऐकून त्या म्हणाल्या, ‘‘सर, जुन्या इंग्रजी अंकगणितात ‘व्हल्गर फ्रॅक्शन’ असते की! ते काय अश्लील अपूर्णांक असतात?’’

आम्ही विचारले, ‘‘मग त्याला मराठीत काय म्हणतात?’’ आम्ही हिंदीत शिकलो. आमच्यासाठी ती ‘साधारण भिन्न’ होती.

‘‘व्यवहारी अपूर्णांक,’’ बाई म्हणाल्या आणि पुन्हा वह्यांत डोके घातले.

मंडळी, आम्ही अक्षरशः खुर्चीवरून उठलो. व्यवहारी! दशांश अपूर्णांक एकीकडे आणि पाव, निम्मे, पाऊण असे नेहमीच्या वापरातले अपूर्णांक दुसरीकडे. ज्या कोणी हा शब्द प्रथम योजला त्याने ‘व्हल्गर’ पाहून नाक मुरडले नाही. तो शब्द काय काम करतो ते पाहिले आणि तेच काम करणारा मराठी शब्द दिला. अपूर्णांकांना जो न्याय मिळाला तो माणसांच्या बोलीला द्यायला आम्ही विसरलो होतो.

त्या रात्री आम्ही विद्यार्थिनीला कळवले, ‘वुल्गार म्हणजे व्यवहारी.’ त्यावरून तिने शेवटची तिसरी ओळ लिहिली : ‘अ ग्रामर ऑफ मराठी, अ‍ॅज मोस्ट कॉमनली स्पोकन इन द किंगडम्स ऑफ निजाम शाह अँड आदिल शाह’. आणि तळटीपेत, मूळ शब्द ‘वुल्गार’ असून त्यात ‘सर्वत्र रूढ’ आणि ‘सामान्य लोकांची’ अशा दोन्ही छटा आहेत, हे नोंदवले. मार्गदर्शकांचे प्रश्नचिन्ह गेले.

अशी उदाहरणे आणखीही आहेत. एकच देतो. थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ मध्ये गोव्याला आले. ‘क्रिस्तपुराण’ या मराठी काव्याचे कर्ते म्हणून आपण त्यांना ओळखतो. ते पुस्तक प्रथम १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. त्यांचे कोकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, राचोललाच छापले गेले. भारतीय भाषेचे हे पहिले छापील व्याकरण समजले जाते. त्याचे नाव ‘आर्ति दा लिंग्वा कानारीं’. शब्दांवर गेलात तर इंग्रजी होईल ‘आर्ट ऑफ द कॅनरीज लँग्वेज’. प्रत्यक्षात येथे ‘आर्ति’ म्हणजे कला नव्हे, व्याकरण. आणि ‘कानारीं’ म्हणजे कन्नड नव्हे, कोकणी. पोर्तुगीजांनी तेव्हा कोकणीला तेच नाव दिले होते. १८५७ साली कुन्य रिव्हारा यांनी हे पुस्तक नव्या गोव्यात पुन्हा छापले, तेव्हा पोर्तुगीजमध्येच नाव बदलून ‘कोकणी भाषेचे व्याकरण’ अशा अर्थाचे केले. म्हणजे दोनशे वर्षांत पोर्तुगीजाला स्वतःच्याच भाषेतून स्वतःच्याच भाषेत भाषांतर करावे लागले. मग आपण हिंदीतून मराठीत येताना अडखळलो तर त्यात लाज ती कसली?

असो. आता त्या जुन्या चुकीकडे येतो. येथवर लिहिलेले सारे त्यासाठीच होते.

आम्ही तेव्हा मराठी शिकवीत होतो. आठवीला ‘माझी आजी’ असा निबंध दिला होता. वर्गात एक मुलगा होता, घरचे पांढुर्ण्याकडचे. त्याने लिहिले होते की आजीला डोळ्यांनी कमी दिसते, म्हणून ती रोज म्हणते, ‘पोट्ट्या, मले दिसत नाही, तू वाच.’ आणि तो तिला रोज संध्याकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवतो. ‘माह्या आजीले सगळ्या बातम्या ठाऊक असते,’ असे त्याने अभिमानाने लिहिले होते. आम्ही काय केले? ‘पोट्ट्या’, ‘मले’, ‘माह्या’, ‘आजीले’ या सगळ्यांभोवती लाल गोल काढले आणि खाली शेरा दिला, ‘भाषा ग्राम्य. सुधारणे.’

पालकसभेत त्याचे वडील वही घेऊन आले. अगदी नम्रपणे विचारले, ‘‘सर, ग्राम्य म्हणजे काय?’’ आम्ही कामाच्या गडबडीत हिंदीत सांगून मोकळे झालो, ‘‘गँवारू.’’

ते म्हणाले, ‘‘हो सर. आई माझी गावचीच आहे.’’ वही मिटली, नमस्कार केला आणि गेले. पुढच्या वर्षी मुलाने मराठी सोडून संस्कृत घेतले. फॉर्मवर आम्हीच सही केली. कारण विचारले नाही.

‘ग्राम’ म्हणजे गाव. ‘ग्राम्य’ म्हणजे गावचे. हिंदीत गाँववरून ‘गँवार’. लॅटिनमध्ये लोकांवरून ‘वुल्गार’. जगात सगळीकडे शहाण्या माणसांनी गावाच्या आणि लोकांच्या नावाचीच शिवी केलेली दिसते. गंमत म्हणजे पुण्या-मुंबईच्या बाजारात ‘गावठी’ अंडी महाग मिळतात आणि ती आणणाऱ्या बाईला ‘गावठी’ म्हटले की ती अपमानित होते. एकच शब्द, एकच सकाळ. आणि ज्या आम्हांला पुण्याच्या पंगतीत ‘शिक्षा’ या एका शब्दावरून हसले गेले, त्याच आम्ही एका आजीला तिच्या नातवाच्या वहीत हसून घेतले. फरक एवढाच की आमचे हसणे लाल शाईत होते.

जुलैमध्ये जुनी रजिस्टरे काढून आम्ही त्या मुलाचा पत्ता लावला. आता तो पीथमपूरला एका कारखान्यात काम करतो. फोन केला. आम्ही मराठीत विचारत होतो, ‘‘कसा आहेस? घरी सगळे बरे?’’ तो हिंदीत उत्तरे देत होता, ‘‘जी सर, सब ठीक है.’’ आम्ही निबंधाचा विषय काढला, आमचे चुकले असे सांगितले. तो हसून म्हणाला, ‘‘अरे सर, वो तो पुरानी बात है. मुझे याद भी नहीं.’’ त्याला आठवत असो वा नसो. अर्ध्या तासाच्या बोलण्यात त्याने मराठीचा एक शब्द उच्चारला नाही.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, मग काय मुलांनी परीक्षेत ‘मले’ लिहायचे? नाही. प्रमाण मराठी शिकायलाच हवी. तिच्याशिवाय पुस्तके वाचता येणार नाहीत आणि पुण्याच्या नातेवाइकांशी, नागपूरच्या मित्रांशी, बडोद्याच्या मंडळींशी एका भाषेत पत्रव्यवहार करता येणार नाही. पण तीन ओळींची ती पद्धत आम्हांला येथेच उपयोगी वाटते. मूळ ओळ पुसायची नाही. ती वर तशीच ठेवायची, कारण ती खरी आहे. खाली तिचा अर्थ आणि त्याखाली प्रमाण रूप लिहायचे.

म्हणून यंदापासून मराठीच्या सर्व वर्गांत एक नवी वही सुरू केली आहे. तिचे नाव ‘व्यवहारी मराठी’. दर आठवड्याला प्रत्येकाने घरातल्या मोठ्या माणसाच्या तोंडचे एक वाक्य ऐकायचे आणि पहिल्या ओळीत जसेच्या तसे लिहायचे. दुसऱ्या ओळीत शब्दशः हिंदी. तिसऱ्या ओळीत प्रमाण मराठी. वरच्या ओळीवर लाल शाई लावायची नाही, अशी शिक्षकांना विनंती आहे. आणि हा नियम सर्वांत आधी आम्हांला लागू आहे.

पालकांना विनंती की, मुलांनी वाक्य विचारले तर ‘असे काय लिहितोस’ म्हणून त्याला गप्प करू नका. आजीला बोलू द्या. विश्वस्त मंडळाला विनंती की, मराठीच्या वर्गांची पटसंख्या का उतरते याची चर्चा होईल तेव्हा माध्यम, फी, बस यांबरोबर आमच्यासारख्यांच्या शेऱ्यांचाही हिशेब मांडावा. आणि विद्यार्थी मित्रांनो, कोणी तुमच्या बोलीला नाव ठेवले तर रागावू नका. एवढेच सांगा की, अडीचशे वर्षांपूर्वी रोममध्ये कोणी अनामिकाने मराठीचे व्याकरण छापले तेव्हा त्याने मुखपृष्ठावर अभिमानाने हेच लिहिले होते : ही लोक बोलतात ती मराठी आहे.

‘व्यवहारी मराठी’च्या पहिल्या पानावर आमचेही एक वाक्य आम्ही लिहून ठेवले आहे : ‘आम्ही मुलांना शिक्षा देतो’. त्याची तिसरी ओळ मुलांनी लिहावी.

आपला,
मुख्याध्यापक